ताओ मतातील 'वू-वेई' आणि सम्यक् व्यायाम

आजचे वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. येथील राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकात अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे कोरवून भिक्खुसंघास दान दिले. इ. स. ६४१ च्या सुमारास चिनी भिक्खू ह्युएन-त्संग महाराष्ट्रात आले. त्यांच्या प्रवासवृत्तातील एका विहाराचे वर्णन विद्वान अजिंठ्याचेच मानतात. मायदेशी परतल्यावर, इ. स. ६४७ मध्ये, सम्राटाने त्यांच्यावर लाओ-त्सेचा 'ताओ ते चिंग' हा ग्रंथ संस्कृतात आणण्याचे काम सोपविले. तेव्हा 'ताओ' या शब्दासाठी कोणता प्रतिशब्द योजावा, यावर वाद झाला. ताओपंथीयांना 'बोधि' हवा होता. ह्युएन-त्संग 'मार्ग' या शब्दावर ठाम राहिले.

हा भेद आजही उपयोगी आहे. ताओ विचार सध्या मनःशांतीचा उपाय म्हणून सर्वत्र सांगितला जातो. उपासकाने त्यातून काय घ्यावे?

'वू-वेई' म्हणजे शब्दशः 'न करणे'. परंतु हा पूरण कस्सपाचा अक्रियवाद नव्हे. कस्सपाच्या मते कर्माला फळच नव्हते, आणि तथागतांनी ते मत त्याज्य ठरविले. लाओ-त्सेचा रोख बळजोरीवर आहे. आपल्या वऱ्हाडातील शेतकऱ्यास हे समजावून सांगावे लागत नाही, कारण त्याच्याजवळ 'वाफसा' हा शब्द आहे. पाऊस पडताच ओल्या काळ्या जमिनीत वखर घातला, तर ढेकळे निघतात आणि जमीन आवळते. म्हणून तो थांबतो. त्या थांबण्यात आळस नसतो. बियाणे निवडलेले असते, अवजारे सज्ज असतात, आणि तो रोज माती मुठीत दाबून पाहतो.

धम्मात याचे नाते सोण स्थविरांच्या कथेशी जुळते. चंक्रमण करता करता त्यांचे पाय रक्तबंबाळ झाले, तरी चित्त विमुक्त होईना. तेव्हा भगवंतांनी त्यांना वीणेच्या तारांची आठवण दिली : तार फार ताणलेली नको, फार सैलही नको. वीर्य सोडा, असे भगवंत म्हणाले नाहीत. ते समतोल ठेवा, असे म्हणाले. स्पर्धा परीक्षेसाठी रात्र-रात्र जागून वाचलेले विसरणाऱ्या आपल्या मुलामुलींना नेमके हेच सांगावयास हवे.

मात्र लाओ-त्सेची पाण्याची उपमा सावधपणे घ्यावी. पाणी सखल जागी राहते, म्हणून ते श्रेष्ठ, असे तो म्हणतो. हा उपदेश मुख्यतः राज्यकर्त्यांस आहे, आणि तेथे तो शोभतो. ज्यांना शतकानुशतके सखल जागीच ठेवले, त्यांना तोच उपदेश करणे ही क्रूर थट्टा ठरेल. चवदार तळ्याचे पाणी आपण होऊन कोणाकडे वाहत आले नाही; २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना तेथवर चालत जावे लागले.

ग्रंथाच्या ८१ प्रकरणांपैकी ६५ वे तर अधिकच अडचणीचे आहे. प्राचीन ताओज्ञ लोकांना ज्ञानी करीत नसत, अजाण ठेवीत, असे त्यात म्हटले आहे. काही भाष्यकार 'अजाण' म्हणजे 'निष्कपट' असा अर्थ लावतात. तो मान्य केला तरी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन करणाऱ्या बाबासाहेबांचा अनुयायी या प्रकरणापाशी थबकेल, आणि त्याने थबकावेच.