गच्चीवरचा अँटेना आणि आपलं घर

घरात कुणाला छंद जडला की त्याचा पसारा कुठं मांडायचा हा प्रश्न शेवटी गृहिणीलाच सोडवावा लागतो. पोस्टाची तिकिटं जमवणारा निदान एका कप्प्यात मावतो. हॅम रेडिओवाला मात्र खोलीचा कोपरा, एक टेबल आणि वर सगळी गच्ची अडवून बसतो! सरकारी परीक्षा द्यायची, परवाना मिळवायचा, आणि मग 'व्हिक्टर युनिफॉर्म' अशी आपली खूण सांगत देशोदेशींच्या माणसांशी गप्पा मारायच्या, असा हा छंद.

छंद काही वाईट नाही हं. डिसेंबर 2004 मध्ये त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद ही हॅम बाई याच छंदापायी पोर्ट ब्लेअरला गेलेली होती. टेलिफोन बंद पडले, तेव्हा तिनं आपल्या रेडिओवरून अंदमानातल्या माणसांची खुशाली बाहेर पोचवली.

पण गच्चीवर तारा चढल्या की शेजारीण हमखास विचारते, "अहो, त्यातून किरण येतात म्हणे! आमच्याकडे लेक बाळंतपणाला आलीय." यावर "काही होत नाही हो" एवढं उत्तर पुरत नाही. घाबरून तार उतरवायला लावणंही बरं नाही. नेमकं काय आहे, ते समजून घेऊ या.

हे किरण कोणते?

रेडिओच्या लहरी क्ष-किरणांसारख्या नसतात. क्ष-किरण शरीरातल्या अणूंची मोडतोड करू शकतात. रेडिओलहरींत तेवढं बळ नसतं. मात्र त्या जोरदार असल्या तर शरीर तापवतात. मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये भाजी गरम होते तीही रेडिओलहरींनीच. डोळ्यातल्या भिंगाला रक्तपुरवठा नसल्यामुळे ते तापलं तर लवकर निवत नाही, म्हणून डोळ्यांना अधिक जपायचं.

कॅन्सरचं काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2011 मध्ये या लहरींना 'कदाचित कारण असू शकतील' अशा गटात घातलं. म्हणजे पुरावा अपुरा आहे, पण शंका पुरती मिटलेली नाही. अशा वेळी घाबरायचं नाही आणि विनाकारण जवळही जायचं नाही.

जोर, वेळ आणि अंतर

सगळा हिशेब या तिन्हींचा आहे. नुसतं ऐकत असताना अँटेनातून काहीच बाहेर पडत नाही. बटण दाबून बोलायला लागलं की लहरी निघतात. त्यांचा जोर वॅटमध्ये मोजतात. हातातल्या छोट्या सेटचा जोर साधारण 5 वॅट, तर टेबलावरच्या मोठ्या सेटचा बहुधा 100 वॅट.

अंतराचं म्हणाल, तर दिव्यापासून दुप्पट लांब गेलं की उजेड चौथाईवर येतो. इथंही तसंच. 100 वॅटचा सेट, साधी तारेची अँटेना आणि 28 मेगाहर्ट्झचा पट्टा धरला, तर सतत बोलत राहिल्यास ढोबळ हिशेबानं 13 फुटांपलीकडे लहरींचा जोर सर्वसामान्य माणसांसाठी ठरवलेल्या मर्यादेच्या आत येतो. निम्मा वेळ बोलणं आणि निम्मा वेळ ऐकणं असेल तर 9 फूट पुरतात. ही मर्यादाही सढळ हातानं राखून ठेवलेली आहे. सगळं शरीर ज्या जोरानं त्रासदायक तापू लागतं, त्याच्या पन्नासाव्या हिश्शावर ती बांधलेली आहे.

30 ते 300 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात मर्यादा सर्वांत कडक असते. कारण तिथं लहरीची लांबी माणसाच्या उंचीशी जुळते आणि शरीर त्या जास्त शोषून घेतं. हॅम मंडळींचा आवडता 144 मेगाहर्ट्झचा पट्टा यातच मोडतो. शिवाय एकाच दिशेला रोखलेली यागी अँटेना असेल, तर तिच्या तोंडासमोर अंतर बरंच वाढवावं लागतं. ती शेजारच्या बाल्कनीच्या उंचीवर रोखलेली नाही ना, हे आवर्जून पाहावं.

गच्चीवर काय सांभाळावं?

1. अँटेना डोक्याच्या बऱ्याच वर हवी. तारेची टोकं मुलांच्या हाताला लागतील अशी नकोत. बोलणं चालू असताना टोकाला हात लागला तर चांगलंच भाजतं.

2. कपडे वाळत घालायला अँटेनाजवळ लोखंडी तार बांधू नये, नायलॉनची दोरी बांधावी. तारेतही लहरी उतरतात आणि चटका बसू शकतो.

3. पापड-कुरडयांचं वाळवण घालायच्या दिवसांत वेळ ठरवून घ्यावी. आपण वर असू तोवर खाली बोलणं बंद!

4. हातातल्या सेटची अँटेना डोळ्यांपासून आणि कपाळापासून चार बोटं तरी दूर धरावी.

5. घरात कुणाला पेसमेकर बसवलेला असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं.

6. अँटेनाचा खांब विजेच्या तारांवर पडेल अशा जागी कधीही उभारू नये. लहरींपेक्षा हा धोका कितीतरी मोठा आहे. पावसाळ्यात गडगडाट सुरू होण्याआधीच अँटेनाची वायर सेटपासून काढून ठेवावी.

विचारायला संकोच नको

अमेरिकेतल्या नियमांत एक लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. तिथं हॅम आणि त्याच्या घरची माणसं यांना थोडी सैल मर्यादा चालते, शेजाऱ्यांना मात्र कडक मर्यादा लागू होते. पण घरच्यांना ही सवलत केव्हा? तर लहरींची माहिती आणि काळजी कशी घ्यायची हे त्यांना समजावून सांगितलेलं असेल तेव्हाच. म्हणजे घरच्या बाईला अंधारात ठेवून सूट घ्यायची सोय नाही! 2021 पासून तर तिथल्या प्रत्येक हॅमला आपल्या अँटेनाचा हिशेब तपासून पाहावा लागतो.

आपणही घरी एवढं विचारायला हरकत नाही. सेट किती वॅटचा? अँटेनापासून किती फुटांवर माणसं वावरतात? हिशेब मांडून पाहिलात का? परीक्षा देऊन परवाना मिळवलेल्या माणसाला हे जमायलाच हवं. तो कागद सेटच्या टेबलावर डकवून ठेवावा, आणि शेजारीण पुन्हा विचारील तेव्हा तिला दाखवावा. तिची काळजी मिटेल, आणि छंदही सुखानं चालू राहील.