भरल्या घरात एकटे

ऑक्टोबरात आमच्या दिंडोरी तालुक्यात द्राक्षबागांची छाटणी सुरू होते. घरातील कर्ती माणसे दिवसभर बागेत आणि मुले शाळेत. ओट्यावर उरतात ते आजोबा. पण नवल असे, की कित्येक आजोबांना एकटेपणा अधिक जाणवतो तो संध्याकाळी, घर माणसांनी भरल्यावर. असे का व्हावे बरे?

शिकागो विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ जॉन कॅसिओपो यांनी एकटेपणाची तुलना तहानेशी केली होती. पाणी कमी पडले की शरीर तहानेने इशारा देते. माणसांशी असलेला जिव्हाळा कमी पडला की एकटेपणा तसाच इशारा देतो. हा इशारा वर्षानुवर्षे चालू राहिला, तर शरीर सतत सावध राहते. झोप तुटक होते, रक्तदाब वाढू शकतो. २०१० साली अमेरिकेतील ज्युलियान होल्ट-लनस्टॅड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १४८ अभ्यासांतील तीन लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र तपासली. ज्यांचे नातेसंबंध बळकट होते, त्यांची जगण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी अधिक दिसली. अर्थात, आजारी माणूस घरी बसतो म्हणूनही एकटा पडतो, हे विसरून चालणार नाही.

आता आमच्या भौतिकशास्त्राकडे वळू. लहान मुलाला सुमारे २० ते २०,००० हर्ट्झ कंप्रतेचे ध्वनी ऐकू येतात. अंतर्कर्णात गोगलगायीच्या शंखासारखी वेटोळी नळी असते. तिच्यातील सूक्ष्म केशपेशी ध्वनी टिपतात. उच्च कंप्रता टिपणाऱ्या पेशी नळीच्या तोंडाशीच असतात. वयाबरोबर आधी त्याच निकामी होतात आणि पुन्हा तयार होत नाहीत. आता गंमत पाहा. ‘आ’, ‘ओ’ हे स्वर कमी कंप्रतेचे व जोरकस. ‘स’, ‘त’, ‘फ’ ही व्यंजने उच्च कंप्रतेची व क्षीण. त्यामुळे आजोबांना आवाज ऐकू येतो, पण शब्द लागत नाही! त्यातच टीव्ही चालू आणि कुकरची शिट्टी. दोनदा “काय म्हणालास?” विचारल्यावर नातू म्हणतो, “जाऊ द्या आजोबा, काही नाही.” तिसऱ्यांदा आजोबा विचारतच नाहीत. नुसते हसतात, मान डोलावतात आणि लवकर अंथरुणाला पाठ टेकतात.

ओरडून फारसा उपयोग नाही. ओरडल्याने स्वरच अधिक वाढतात, व्यंजने मागे राहतात. कानात मळ साठला आहे का, हे डॉक्टरांकडून पाहून घ्यावे. गरज असेल तर श्रवणयंत्र घ्यावे. चष्म्याची लाज वाटत नाही, मग यंत्राचीच का वाटावी, हे मला तरी कळत नाही.

एक प्रयोग करा. टीव्ही चालू ठेवून, आजोबांकडे पाठ करून ‘साठ, पाठ, ताट, काठ’ असे दहा शब्द म्हणा. मग टीव्ही बंद करून, उजेडात त्यांच्या समोर बसून, सावकाश दुसरे दहा म्हणा. दोन्ही वेळा किती शब्द बरोबर ओळखले, ते वहीत लिहून ठेवा.