वार धूर अडवत नाही

“पोटातल्या बाळाला कसला आलाय धूर? ते थोडंच नाकानं श्वास घेतं!” डोहाळजेवणात, दवाखान्याच्या बाकावर, शिकल्यासवरल्या घरांतही हे वाक्य ऐकून कान किटले आहेत. बोलणाऱ्या बायका मायेच्याच असतात. पण त्यांच्या भरवशावर सात महिन्यांची गरोदर बाई ओल्या सरपणापुढे फुंकणी घेऊन बसते. डोळे चुरचुरतात, खोकल्याची उबळ येते, आणि ‘बाळ आत सुखरूप आहे’ असं तिला सांगितलं जातं. याचाच संताप येतो.

बाळ नाकानं श्वास घेत नाही, हे खरं. त्याला प्राणवायू मिळतो तो आईच्या रक्तातून, वारेमार्फत. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. तो वार ओलांडतो, आणि बाळाच्या रक्तातून बाहेर पडायला आईपेक्षा जास्त वेळ घेतो. म्हणजे आईला मोकळं वाटू लागलं, तरी आत बाळाचा प्राणवायू तोकडाच असतो.

‘वार म्हणजे गाळणी, वाईट ते सगळं अडवते’ हा याच समजुतीचा दुसरा अवतार. बेल्जियममधल्या हॅसेल्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये धूम्रपान न करणाऱ्या स्त्रियांच्या वारा तपासल्या. काजळीचे कण वारेच्या बाळाकडच्या बाजूलाही सापडले. राहत्या जागेची हवा जितकी खराब, तितके कण जास्त. २०२२ मध्ये ॲबरडीन आणि हॅसेल्टच्या संशोधकांना ७ ते २० आठवड्यांच्या गर्भांच्या यकृतात, फुप्फुसात आणि मेंदूतही काजळी आढळली. आणखी कोणता पुरावा हवा?

यावर ठरलेलं उत्तर येतं : “आमची सगळी बाळंतपणं चुलीवरच झाली, काय बिघडलं?” बिघडलं ते मोजलं गेलं नाही. अडीच किलोंपेक्षा कमी वजनाचं, दिवस भरण्याआधी झालेलं बाळ दगावलं, तर ‘अशक्तच होतं’ म्हणून विषय संपायचा. ‘स्टेट ऑफ ग्लोबल एअर २०२०’ या अहवालाच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये भारतात १ लाख १६ हजारांहून अधिक बालकांच्या पहिल्या महिन्यातल्या मृत्यूंमागे प्रदूषित हवेचा हात होता. त्यातल्या निम्म्याहून अधिक मृत्यूंचा संबंध बाहेरच्या हवेशी होता, बाकीच्यांचा घरातल्या धुराशी.

शहरवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. अमेरिकेत न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियात टोलनाक्यांवर न थांबता टोल भरायची सोय झाली आणि तिथली गाड्यांची रांग हटली. जॅनेट करी आणि रीड वॉकर यांच्या २०११ च्या अभ्यासानुसार नाक्यापासून दोन किलोमीटरच्या आत राहणाऱ्या स्त्रियांमध्ये मुदतपूर्व प्रसूती आणि कमी वजनाची बाळं, दोन्हींचं प्रमाण दहा टक्क्यांहून जास्त घटलं.

मग ‘गॅस आला, प्रश्न मिटला’? तसंही नाही. भारतासह (तमिळनाडूत) चार देशांत सुमारे ३,२०० गरोदर स्त्रियांवर झालेल्या चाचणीत श्वासातले सूक्ष्म कण चूल वापरणाऱ्यांमध्ये घनमीटरमागे सुमारे ७१, तर गॅस मिळालेल्यांमध्ये सुमारे २४ मायक्रोग्रॅम होते, पण बाळांच्या वजनात ठळक फरक पडला नाही. एवढ्यावरून चुलीला निर्दोष ठरवणं चुकीचं आहे. चाचणीत सामील होतानाच गरोदरपणाचे ९ ते २० आठवडे उलटले होते, आणि २४ हा आकडाही जागतिक आरोग्य संघटनेच्या ५ या वार्षिक मर्यादेच्या जवळजवळ पाचपट आहे. गॅस हवाच, पण तो दिवस राहण्याआधीपासून हवा, आणि शेजारची चूल, कचऱ्याची होळी, रस्त्याचा धूरही कमी व्हायला हवा.

पदर नाकाला लावला की भागतं? नाही. हे कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याएवढे. ते कापडातून सहज जातात.

डासांची कॉइल निरुपद्रवी? बंद खोलीत एक कॉइल जळते, तेव्हा ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण सोडते, असं २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. मच्छरदाणी लावा.

आणि बाळंतिणीच्या खोलीतली धुरी? निखाऱ्यांवर ओवा, वेखंड, लसणाची सालं टाकून, दारं-खिडक्या लावून बाळाला धुरावर धरतात. ओवा औषधी असेल, पण जळल्यावर उरतो तो धूरच, आणि कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड वेगळा. बाळाला ऊब हवी असेल तर आईच्या छातीशी, उघड्या अंगाला लावून ठेवा आणि वरून पांघरूण घाला. शेगडी खोलीबाहेर काढा.