क्रमवारी म्हणजे गुणतक्ता नव्हे
अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये प्लेऑफची (विजेता ठरवणाऱ्या बाद फेरीची) क्रमवारी निव्वळ जिंकलेल्या सामन्यांवरून ठरते, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात 13 सदस्यांची निवड समिती चर्चा आणि मतदान करून ती लावते.

फरक दहावीच्या गुणपत्रिकेत आणि वक्तृत्व स्पर्धेच्या निकालात असतो तसाच: एकीकडे बेरीज, दुसरीकडे परीक्षकांचा कौल.

समिती प्रतिस्पर्ध्यांची ताकद आणि दुखापतीही पाहते. म्हणूनच 2023 मध्ये 13 पैकी 13 सामने जिंकूनही फ्लोरिडा स्टेट तेव्हाच्या चार संघांच्या प्लेऑफमधून वगळले गेले. त्यांचा क्वार्टरबॅक (आक्रमणाची सूत्रे सांभाळणारा खेळाडू) जायबंदी होता. एक सामना हरलेले अलाबामा मात्र पहिल्या चारांत आले.

क्रमवारी हे भाकीतही नव्हे. 2014 च्या हंगामात चौथ्या क्रमांकावरच्या ओहायो स्टेटने आधी अलाबामाला, मग ओरेगनला हरवून विजेतेपद मिळवले.