चवडा, टाच आणि दहा हजार रुपये

सायकलचा बूट हातात आला की तो आधी उलटा करून पाहावा. रंग, जाळी, चकाकी यांचा विचार नंतर. तळाशी तीन भोकांचा त्रिकोण आहे की दोन उभ्या खाचा, यावर पुढचा सगळा खर्च ठरतो. त्रिकोण ही रस्त्यावरच्या शर्यतीची पद्धत. तिची क्लीट, म्हणजे पेडलमध्ये अडकणारा तुकडा, मोठी, प्लॅस्टिकची आणि सोलच्या बाहेर आलेली असते. दोन खाचांची पद्धत मूळची डोंगरी सायकलची. तिची क्लीट पोलादी, अंगठ्याएवढी आणि रबराच्या सोलमध्ये आत बसलेली. रस्त्यासाठीच्या सुबक बुटांतही दोन्ही तऱ्हेची सोय असलेले नमुने मिळतात.

पुण्यात वारज्यातल्या आमच्या सोसायटीतली एक मुलगी कर्वेनगरला इंजिनिअरिंग शिकते आणि रविवारी पहाटे रोड बाइक घेऊन निघते. तिने साठवलेले दहा हजार घेऊन आम्ही दोघं बूट निवडायला बसलो. तिचा पहिला प्रश्न होता, “काका, कार्बन सोलचे घेऊ का?”

हा प्रश्न बहुतेक सगळे विचारतात, म्हणून त्याचं उत्तर नीट, क्लीटपासून सुरुवात करून द्यायला हवं. कोलोरॅडो विद्यापीठात रॉजर क्रॅम आणि त्यांच्या सहकाऱ्याने 2016 मध्ये सायकलस्वारांची तुलना केली: साधे पळण्याचे बूट आणि सपाट पेडल, तेच बूट आणि पट्ट्याचं पेडल, आणि क्लीटचे बूट. 50, 100 आणि 150 वॉटच्या संथ, स्थिर लयीत शरीराला लागणाऱ्या ऊर्जेत फरक दिसला नाही. त्याच प्रयोगशाळेने 2020 मध्ये जोरदार स्प्रिंट मोजली, तेव्हा मात्र क्लीटच्या बुटांनी सपाट पेडलपेक्षा सुमारे 17 टक्के जास्त ताकद दिली. म्हणजे सिंहगडाच्या घाटात उभं राहून पेडल मारताना क्लीटचा उपयोग आहे, शिवण्यातून रमतगमत जाताना फारसा नाही. राहिला कार्बनचा कडकपणा. शिमानो कंपनी आपल्या सोलच्या कडकपणाला आकडा देते. शर्यतीच्या सर्वांत वरच्या जोडीला 12, सुरुवातीच्या जोडीला त्याच्या साधारण निम्मा. बारा आकड्याचा तो तळ हौशी पायाला तासाभरात बोचूही शकतो. दहा हजारांत कार्बन घ्यायचं म्हटलं तर पेडलला पैसे उरत नाहीत, आणि पेडलशिवाय हा बूट नुसता निसरडा असतो.

तिच्यासाठी मी दोन खाचांची पद्धत सुचवली, आणि त्याचं कारण वारजेच आहे. इथून एनडीए रस्त्याने उत्तमनगर, कोंढवे धावडे ओलांडून कुडज्याकडे किंवा खडकवासल्याकडे जाता येतं, चांदणी चौक चढून मुळशीकडे वळता येतं. पण कुठेही जायचं तरी आधी महामार्गाच्या पुलाखालून, सर्व्हिस रोडच्या खडीतून, रिक्षा आणि पीएमपीच्या बसमधून वाट काढावी लागते. पाय सारखा खाली टेकतो. पावसाळ्यात चिखल. वाटेत चहाला उतरायचं. प्लॅस्टिकची क्लीट अशा चालण्याने झिजते आणि फरशीवर घसरते, पोलादी क्लीट रबरात लपलेली राहते आणि कितीतरी जास्त टिकते. शर्यतीत उतरणाऱ्याने तीन भोकंच घ्यावीत, माझा त्याला विरोध नाही. फ्रान्सच्या लुक कंपनीने स्कीच्या बुटांना धरून ठेवणाऱ्या कळीवरून असं पेडल बनवलं आणि 1985 मध्ये बर्नार इनोने ते वापरून टूर द फ्रान्स जिंकली, तेव्हापासून रस्त्यावरचे व्यावसायिक त्याच वाटेने गेले. एवढं मात्र ध्यानात ठेवावं की बुटाची तीन भोकं सारखी असली तरी लुकची क्लीट शिमानोच्या पेडलमध्ये बसत नाही. शिमानोमध्ये नवख्याने पिवळी क्लीट घ्यावी, ती टाचेला 6 अंश हलू देते. निळी 2 अंश, लाल अजिबात नाही. गुडघ्याला ही मोकळीक लागते.

माप आम्ही संध्याकाळी घेतलं, कारण दिवसभराने पाय थोडा सुजलेला असतो. सायकलवर घालायचेच मोजे घालून, कागदावर दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभं राहायचं आणि दुसऱ्याने पेन्सिल सरळ धरून कड काढायची. डावा पाय साडेचोवीस सेंटिमीटर निघाला, उजवा त्याहून तीन मिलिमीटर मोठा. शिमानोच्या तक्त्यात 39 नंबर 24.5 चा आणि 40 नंबर 25.2 चा. मोठ्या पायाचं ऐकायचं, म्हणून 40. खरी अडचण रुंदीची होती. लहानपणापासून चपलांत मोकळं वाढलेलं पाऊल चवड्याशी पसरलेलं असतं आणि युरोपीय साच्याचा बूट तिथेच आवळतो. अशा वेळी दुकानात एक नंबर वाढवून देतात. तो सल्ला मानू नये. बूट लांब झाला की टाच मागे सैल पडते आणि क्लीटच्या खाचा पुढे सरकून चवड्याऐवजी बोटांखाली येतात. त्यापेक्षा त्याच नंबरात रुंद साचा मिळतो का, हे विचारावं.

कर्वे रस्त्यावरच्या दुकानात तिने चार जोड पायात घातले. एकाची बूट आवळायची डायल फार सुंदर होती, पण टाच उचलली जात होती. दुकानातल्या दादांना मी विचारलं, “ही डायल तुटली तर सुटी मिळेल का?” त्यांनी सरळ सांगितलं, “या कंपनीची नाही मिळणार.” बोआ कंपनीच्या डायलचे सुटे भाग मिळतात, स्वस्त नकलांचा भरवसा नसतो. मग वेल्क्रोच्या तीन पट्ट्यांचा साधा जोड निघाला, नायलॉनच्या सोलचा. पायरीच्या कडेवर चवडा ठेवून ती टाचेवर वरखाली झाली, टाच बुटात जागची हलली नाही. पाव तास तो जोड घालून ती दुकानातच बसून राहिली. करंगळीला मुंग्या आल्या नाहीत. बोटांपुढे थोडी जागा होती, आणि सायकलवर बोटं वाकत नसल्याने पळण्याच्या बुटाइतकी लागतही नाही. तोच जोड घेतला. साधारण निम्मे पैसे त्यात गेले. उरलेल्यांत एका बाजूने सपाट आणि दुसऱ्या बाजूने क्लीटचं असं पेडल आलं. शिमानोच्या पेडलच्या खोक्यात क्लीट असतातच, पण तिच्यासाठी 56 क्रमांकाची क्लीट वेगळी घेतली. टाच बाहेर वळवूनच नव्हे, पाय इतर दिशांनी ओढला तरी ती सुटते.

यापुढचं काम फुकटचं होतं, आणि माझ्या मते बूट चांगला ठरतो तो त्यातच. पार्किंगमध्ये तिने बूट घातले. मी बोटांनी चाचपून अंगठ्यामागचं हाड आणि करंगळीमागचं हाड शोधलं आणि बाहेरून खडूने खुणा केल्या. पेडलचा आस या दोन खुणांच्या मधोमध यावा अशी क्लीट ठेवली, मग किंचित मागे घेतली, कारण मागची क्लीट लांबच्या फेरीत पोटरीला सोसते. बोल्टला ग्रीस लावून 5 ते 6 न्यूटन मीटरला कसले. पेडलच्या स्प्रिंगचा ताण सर्वांत सैल ठेवला. भिंत धरून ती डावा पाय लावत-सोडत राहिली. डावाच, कारण आपल्याकडे थांबताना कडेचा आधार डाव्या हाताला असतो. सिग्नल दिसताच पाय आधी सोडायचा, ब्रेक नंतर, हे तिच्या अंगवळणी पडेपर्यंत आम्ही रस्त्यावर गेलो नाही.

कुडज्यापर्यंतच्या पहिल्या फेरीत तिचा उजवा गुडघा आतून दुखू लागला. घरी येऊन त्या बाजूच्या क्लीटचा कोन केसभर वळवला, पुढच्या वेळी दुखणं गेलं. पैसे थोडे असले की वापरलेले कार्बनचे बूटही खुणावतात, आणि पुण्यात ते मिळतात. घ्यायला हरकत नाही, पण क्लीटच्या भोकांभोवती तडा, मळसूत्राचे झिजलेले आटे आणि टाचेचा बसका कप हे बघून. आतला जुना तळवा मात्र टाकून द्यावा, त्यावर दुसऱ्याच्या पायाचा ठसा असतो.

नव्या क्लीटचे बोल्ट पहिल्या फेरीनंतर पुन्हा कसावे लागतात. पावसात भिजलेला बूट तळवा काढून, वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत ठेवावा. उन्हात किंवा हेअर ड्रायरखाली ठेवला तर स्वस्त बुटाचा गोंद सगळ्यात आधी सुटतो, आणि मग सोल शिवून देणारं कुणी सापडत नाही.