‘ऑप्टिमातेस’ आणि ‘मालगुजार’

हिंगण्याचा राहणारा तो हिंगणेकर. गावाच्या नावापुढे ‘कर’ येताच माणसाचे मूळ कळते. लॅटिन भाषेत हेच काम ‘आस’ हा प्रत्यय करतो. आर्पिनुम गावचा तो आर्पिनास; विख्यात वक्ता सिसेरो हा आर्पिनासच. मौज अशी की, रोमच्या उमराव पक्षाच्या नावात हा प्रत्यय गावाला न लागता ‘ऑप्टिमुस’, म्हणजे सर्वोत्तम, या विशेषणास लागला. ‘ऑप्टिमास’ म्हणजे जणू ‘उत्तमकर’!

या शब्दाचे अनेकवचन ‘ऑप्टिमातेस’. एकवचन क्वचितच आढळते, आणि ते स्वाभाविकच आहे. उमरावपणा हा एकट्यादुकट्याचा नसून जथ्याचा असतो. षष्ठीच्या अनेकवचनी ‘ऑप्टिमातिउम’ व ‘ऑप्टिमातुम’ अशी दोन्ही रूपे चालतात. ‘ऑप्टिमुस’ हे ‘बोनुस’चे, म्हणजे ‘चांगला’ याचे, तमभावाचे रूप. पण दोहोंचा धातू एक नाही. संस्कृतातही ‘प्रशस्य’ शब्दाचे तमभावी रूप पाणिनी ‘श्रेष्ठ’ असे सांगतो. त्याच ‘श्रेष्ठ’पासून श्रेष्ठी, आणि श्रेष्ठीपासून आपला शेट झाला. पेढीवरच्या शेटजींना ही सोयरीक ठाऊक नसावी.

सिसेरोने इ. स. पूर्व ५६ मध्ये सेस्तियुसच्या बचावाच्या भाषणात या शब्दाची व्याप्ती वाढविली. सद्‌वृत्त आणि राज्याचे हित पाहणारा प्रत्येक जण ऑप्टिमास, मग तो दास्यातून मुक्त झालेला का असेना, असे त्याने प्रतिपादिले. युक्तिवाद चतुर खरा. परंतु त्याने विरुद्ध पक्षाच्या वाट्यास आपोआप नादानपणा येतो.

नागपूर प्रांतात खेड्यातील बड्या असामीचे नाव मात्र स्तुतीतून निघाले नाही. अरबी ‘माल’ म्हणजे येथे सारा, फारसी ‘गुजार’ म्हणजे भरणारा; मालगुजार हा शब्दार्थाने केवळ सारा भरणारा. भोसल्यांच्या अमलात गावचा वसूल पाटील करी. १८६० नंतरच्या दशकात इंग्रजी जमाबंदीने या सारा भरणाऱ्यासच गावाची मालकी दिली. अक्षर एकही बदलले नाही, अर्थ मात्र पालटला, आणि पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणारे लोक त्याची कुळे ठरले. मध्यप्रदेश सरकारच्या १९५० च्या कायद्यान्वये ३१ मार्च १९५१ रोजी ही मालकी संपली. पूर्व विदर्भातील माजी मालगुजारी तलावांना आज आद्याक्षरांवरून ‘मामा तलाव’ म्हणतात.