'सी' शिका, पण एकाच यंत्रापुरती नको

बारावीचा निकाल लागला की नागपुरात संगणक क्लासच्या पाट्या आणि जाहिराती चौकाचौकांत दिसू लागतात. मूल अभियांत्रिकीला जावो, पॉलिटेक्निकला जावो की बीसीसीएला, 'सी' ही भाषा बहुधा सुरुवातीलाच समोर येते. आपल्यापैकी अनेकांच्या घरी या विषयातले सांगणारे वडीलधारे कोणी नाही. त्यामुळे क्लासमध्ये जे शिकवले तेच खरे मानावे लागते. पोटाला चिमटा काढून फी भरली जाते, प्रमाणपत्रही मिळते. पुढे पुण्या-हैदराबादच्या मुलाखतीत लिनक्सचा संगणक समोर आला की मूल गोंधळते. "माझ्या संगणकावर तर हे चालत होते," असे सांगते.

यात मुलाची बुद्धी कमी पडलेली नसते. त्याला भाषेऐवजी एका यंत्राची सवय लागलेली असते, एवढेच. हा फरक विद्यार्थ्यांनी आणि पालकांनीही समजून घेतला पाहिजे.

सी कशासाठी जन्मली?

१९६९ मध्ये अमेरिकेतील बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी 'युनिक्स' ही संगणक चालवणारी व्यवस्था सुरू केली. ती आधी त्या विशिष्ट यंत्राच्याच बोलीत, म्हणजे असेंब्लीत लिहिलेली होती. यंत्र बदलले की सगळे पुन्हा लिहायचे! त्यानंतर रिची यांनी सी भाषा घडवली आणि १९७३ मध्ये युनिक्सचा गाभा सीमध्ये नव्याने लिहिला गेला. त्याचे फळ १९७७ च्या सुमारास दिसले. ऑस्ट्रेलियातील वुलनगाँग विद्यापीठात आणि बेल लॅब्जमध्ये युनिक्स इंटरडेटा या वेगळ्याच घडणीच्या यंत्रांवर नेले गेले. १९८९ मध्ये सीचे अमेरिकन प्रमाण ठरले आणि १९९० मध्ये ते आंतरराष्ट्रीय झाले.

वाणिज्य शाखेच्या वाचकांना हे सहज पटेल. दुहेरी नोंद पद्धत शिकलेला माणूस कोणत्याही दुकानाची वही लिहू शकतो. वहीची छपाई बदलते, नावे-जमेचा नियम बदलत नाही. सीचे प्रमाण म्हणजे असाच नियम आहे.

आपल्या देशातही युनिक्स नवीन नाही. १९८४ च्या रंगराजन समितीनंतर बँकांच्या शाखांत जे संगणक आले, त्यांत युनिक्सवर चालणारे अनेक होते. आजचे लिनक्स हे १९९१ मध्ये सुरू झाले. ते युनिक्सच्याच वळणाचे आहे आणि त्याचा गाभा मुख्यतः सीमध्येच लिहिलेला आहे.

नागपूरचे नाते

सी शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांच्या हाती जे पुस्तक हमखास दिसते, ते 'लेट अस सी' आपल्या नागपूरच्या यशवंत कानेटकर यांचे आहे. मुंबईच्या व्हीजेटीआयमधून पदवी आणि कानपूरच्या आयआयटीतून पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या या लेखकाने सोप्या इंग्रजीत सी घरोघरी नेली. त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्या डॉसवरच्या टर्बो सीच्या काळातल्या होत्या. पुढे त्यात लिनक्सवरील सीची स्वतंत्र प्रकरणे आली. म्हणून जुन्या बाजारातून पुस्तक घेताना आवृत्ती पाहून घ्यावी. पुस्तक काळाबरोबर बदलले, पण कित्येक क्लास मात्र १९८७ मध्ये बाजारात आलेल्या टर्बो सीलाच अजून धरून बसले आहेत.

गाडी कुठे अडते?

पहिली गोष्ट 'कोनिओ डॉट एच' ही फाईल. पडदा पुसण्याची आणि कळ दाबेपर्यंत थांबण्याची आज्ञा विद्यार्थी तिच्यातून घेतात. ही फाईल सीच्या प्रमाणात नाही. लिनक्सवर ती सापडत नाही आणि पहिल्याच ओळीला कंपायलर हरकत घेतो. 'स्टडिओ डॉट एच' मात्र प्रमाणातली आहे, ती सगळीकडे मिळते.

दुसरी गोष्ट, 'व्हॉइड मेन'. टर्बो सी ते चालवून घेते. प्रमाण सांगते 'इंट मेन'. पहिल्या दिवसापासून तेच लिहावे.

तिसरी आणि सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे आकड्यांचे माप. टर्बो सीमध्ये 'इंट' दोन बाइटचा असतो आणि त्यात जास्तीत जास्त ३२,७६७ मावतात. समजा, तीन कामगारांचा प्रत्येकी १२,००० रुपये पगार अशा इंटमध्ये मिळवला. उत्तर ३६,००० यायला हवे, पण छापून येते उणे २९,५३६! कंपायलर त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. आजच्या लिनक्सवर इंट चार बाइटचा असल्याने तेच उत्तर बरोबर येते. म्हणजे चूक एका ठिकाणी दिसते आणि दुसऱ्या ठिकाणी लपून राहते. 'लाँग'चेही तसेच आहे. ६४ बिटच्या लिनक्सवर तो आठ बाइटचा, तर ६४ बिटच्या विंडोजवर चारच बाइटचा असतो. लाँगमध्ये निदान सुमारे २१४ कोटीपर्यंतचा आकडा मावेल, एवढीच हमी प्रमाण देते. नेमके माप हवे असेल तर १९९९ च्या प्रमाणात आलेली 'एसटीडीइंट डॉट एच' ही फाईल वापरावी.

चौथी गोष्ट, फाईलची नावे. डॉस-विंडोजमध्ये लहान-मोठी इंग्रजी अक्षरे सारखीच धरली जातात, लिनक्समध्ये ती वेगळी. फाईलचे नाव एका लिपीत ठेवून प्रोग्राममध्ये दुसऱ्या लिपीत लिहिले तर लिनक्स ती फाईल सापडत नाही म्हणून सांगते.

काय करावे?

लिनक्स आणि त्यावरचा जीसीसी कंपायलर दोन्ही विनामूल्य मिळतात. त्यासाठी महागडा संगणक लागत नाही. एखाद्या कार्यालयाने बदलून टाकलेला जुना संगणकही पुरतो. वस्तीतल्या अभ्यासिकेत असा एक संगणक ठेवला तर दहा-बारा मुले पाळीपाळीने सराव करू शकतील. कंपायलरला नेहमीच्या अनेक सूचना दाखवायला सांगणारा 'वॉल' हा पर्याय आणि प्रमाणाबाहेरचे दाखवणारा 'पेडँटिक' हा पर्याय नेहमी लावावा. एकही सूचना येणार नाही, असा प्रोग्राम लिहिण्याची सवय करावी. आणि जमेल तेव्हा तोच प्रोग्राम लिनक्सवर आणि विंडोजवर, दोन्हीकडे चालवून उत्तरे ताडून पाहावीत.

पालकांनी क्लासची फी भरण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: "मुलांना कोणत्या कंपायलरवर शिकवता, आणि लिनक्सवर सराव देता का?" विचारण्यासाठी स्वतःला सी येण्याची गरज नाही. उत्तर फक्त 'टर्बो सी' असे आले, तर सरळ दुसरा क्लास पाहावा. पैसे आपले आहेत, आणि मुलाची उमेदीची वर्षे त्याहून मोलाची आहेत.